वस्तुपाठ आणि अलिबागचा दगड

'वस्तुपाठ' हा शब्द आता भाषणांपुरता उरला आहे. अमक्या पुढाऱ्याचं आयुष्य म्हणजे त्यागाचा वस्तुपाठ, तमक्या फलंदाजाची खेळी म्हणजे संयमाचा वस्तुपाठ. श्रद्धांजलीच्या लेखात तर तो हमखास येतो. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हाच शब्द प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात होता आणि त्याचा अर्थ अगदी साधा होता. वस्तूचा पाठ. मास्तरांनी टेबलावर काचेचा तुकडा, मिठाचा खडा किंवा पीस ठेवायचं. मुलांनी ते हातात घ्यायचं, वाजवायचं, हुंगायचं, उजेडात धरायचं आणि कसं आहे ते आपल्या तोंडानं सांगायचं. जड की हलकं, गुळगुळीत की खरबरीत, पाण्यात विरघळतं की तळाशी बसतं.

कल्पना मुळात स्वित्झर्लंडमधल्या पेस्टालॉझी या शिक्षकाची. हा माणूस १७४६ ते १८२७ या काळातला. पोरानं आधी वस्तू पाहावी, मग शब्द शिकावा, हा त्याचा आग्रह. त्याचं म्हणणं इंग्लंडात नेणाऱ्यांपैकी एलिझाबेथ मेयो या बाईंनी १८३०च्या सुमारास वस्तुपाठांचं एक पुस्तक लिहिलं. त्यातला पहिला धडा काचेचा आहे. काच का? तर तिचे गुण लपून राहत नाहीत. ती आरपार दिसते, गार लागते, गुळगुळीत असते, कठीण असते आणि पडली की फुटते. काचेनंतर येतं रबर, म्हणजे जवळजवळ उलट स्वभावाची वस्तू. दोन वस्तू शेजारी ठेवल्या की एकीचा गुण दुसरीमुळे दिसतो, ही बाईंची हुशारी. हे पुस्तक पुढे पुष्कळ चाललं, आणि चालणाऱ्या पुस्तकाचं जे होतं तेच त्याचंही झालं. मास्तर वस्तू आणायची विसरले आणि विशेषणं पाठ करून घेऊ लागले. डिकन्सनं १८५४च्या 'हार्ड टाइम्स' या कादंबरीत याची चांगलीच टर उडवली आहे. घोड्यांमध्ये वाढलेल्या मुलीला वर्गात घोड्याची व्याख्या सांगता येत नाही आणि तिच्याऐवजी दुसरा एक मुलगा ती घडाघडा म्हणून दाखवतो.

आपल्याकडे कर्झनच्या सरकारनं १९०४ साली शिक्षणाविषयीचा मोठा ठराव काढला. त्यात बालोद्यान पद्धती आणि वस्तुपाठ यांचा मुद्दाम उल्लेख आहे. जिथे शिक्षकांनी परदेशी साधनं बाजूला ठेवून मुलांच्या ओळखीच्या वस्तू घेतल्या तिथे फळ चांगलं आलं, असा त्याचा सूर आहे. कर्झनसाहेबाबद्दल चांगलं बोलण्याची आपल्याला सवय नाही, पण हे म्हणणं खरं होतं. पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला नेमकं तेच करून दाखवलं. माँटेसरीची महागडी लाकडी साधनं नाहीत म्हणून त्या अडून बसल्या नाहीत. शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हेच त्यांचं साहित्य.

त्याच १९०४ साली, आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर, एका वस्तूचा एकच गुण पारखून एक अख्खी इमारत उभी राहिली. ती अलिबागची चुंबकीय वेधशाळा. तिच्याकडे येण्याआधी मात्र नागावला जायला हवं.

अलिबागपासून जवळच असलेल्या नागावात १८२५ साली केरो लक्ष्मण छत्रे यांचा जन्म झाला. महाराष्ट्र त्यांना केरूनाना म्हणतो. मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये शिकत असताना प्राध्यापक ऑर्लिबार आणि 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांच्या नजरेत हा मुलगा भरला. १८४०च्या सुमारास, म्हणजे अवघ्या पंधरा-सोळाव्या वर्षी, तो मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत कामाला लागला. ईस्ट इंडिया कंपनीनं ही वेधशाळा १८२६ साली काढली ती आकाशाचे वेध घेण्यासाठी. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्याही नोंदी सुरू झाल्या. टांगलेल्या चुंबकसूचीकडे ठरल्या वेळी पाहायचं आणि ती केसभर कुठे सरकली ते वहीत लिहायचं. केरूनानांनी तिथे दहाएक वर्षं काढली. पुढे ते पुण्याला प्राध्यापक झाले, टिळक-आगरकर त्यांच्या हाताखाली शिकले, ग्रहसाधनाची कोष्टकं त्यांनी १८६० साली प्रसिद्ध केली, हे सगळं लोकांना माहीत असतं. त्यांनी मराठी शाळांतल्या मुलांसाठी अंकगणिताची आणि पदार्थविज्ञानाची पुस्तकं लिहिली, हे मात्र कमी जणांना माहीत असतं. कोकणातल्या एका गावचा मुलगा सूचीची थरथर मोजत वाढतो आणि मग मराठी मुलांना पदार्थांचे गुण त्यांच्या भाषेत सांगायला बसतो. मला यात फार मोठी संगती दिसते.

या वेधशाळेच्या वह्या किती मोलाच्या ठरल्या याचा एकच दाखला देतो. सप्टेंबर १८५९च्या पहिल्या दोन दिवसांत सूर्यावरून आलेल्या वादळानं साऱ्या पृथ्वीचं चुंबकत्व हादरलं. युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बंद पडली. त्या वादळाचा विषुववृत्ताच्या बाजूचा जोर कळतो तो कुलाब्याच्या नोंदीवरून. तिथे आडवं चुंबकबल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळलं होतं. एरवी रोजचा चढउतार काही दहा नॅनोटेस्लांचा असतो.

विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणायचं ठरू लागलं. ट्रामला लागणारा विद्युतप्रवाह रुळांतून आणि जमिनीतून परत जातो, आणि जिथे प्रवाह तिथे चुंबकत्व. म्हणजे सूची आता पृथ्वीचं ऐकेनाशी होऊन ट्रामचं ऐकणार. वेधशाळेचे संचालक तेव्हा नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस होते. या पारशी शास्त्रज्ञानं १८९६ पासून कारभार पाहिला होता. जागा बदलायची ठरली आणि खाडीपलीकडचं, ट्रामपासून दूर असलेलं अलिबाग निवडलं गेलं. विजेची ट्राम मुंबईत १९०७ साली धावली. त्याआधी १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी वही नव्या वहीला बिनचूक जोडता यावी. मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचे दोन जाडजूड खंड १९१० साली प्रसिद्ध केले. गंमत पाहा, आमच्या जिल्ह्याचंही नाव तेव्हा कुलाबाच होतं, ते १९८१ साली रायगड झालं. वेधशाळा कुलाब्याहून निघाली ती कुलाब्यातच आली.

आता खरी अडचण. इमारत बांधायची कशाची? अलिबागच्या समोर समुद्रात कुलाबा किल्ला उभा आहे. १६८० साली महाराजांनी बांधायला घेतलेला. त्याच्या तटाचे दगड चुना न घालता नुसते एकावर एक बसवले आहेत. लाट आली की पाणी फटींतून शिरतं आणि तिचा जोर मोडतो. दगड आमचा नेहमीचा काळा, अंगानं जड, घट्ट, पावसाला आणि खाऱ्या वाऱ्याला दाद न देणारा. बांधकामाला लागणारे सगळे गुण त्यात आहेत. पण तो ज्वालामुखीच्या लाव्हातून झालेला बेसॉल्ट, आणि त्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज बारीक कणांच्या रूपानं असतं. हाताला कळत नाही, डोळ्याला दिसत नाही, नाजूक सूचीला मात्र लगेच कळतं. अशा दगडाच्या खोलीत सूची ठेवली तर ती पृथ्वी मोजेल की भिंत?

म्हणून काठेवाडातल्या पोरबंदरचा फिकट रंगाचा दगड आणला. तोही सरसकट घेतला नाही. चुंबकत्व नसलेलेच दगड पारखून, निवडून लावले. अशा इमारतीत लोखंड वर्ज्य असतं. खिळा, कडी, बिजागरी, जिथे एरवी लोखंड येतं तिथे तांबं-पितळ येतं. निरीक्षकाच्या खिशातली किल्लीही बाहेर ठेवावी लागते. एका इमारतीत चुंबकत्वाच्या बदलांची सतत नोंद करणारी यंत्रं, आणि दुसरीत प्रत्यक्ष मोजमाप. एकाच किनाऱ्यावर समोरासमोर एक काळ्या दगडाचं आणि एक उजळ दगडाचं बांधकाम उभं आहे, आणि दोन्हींत दगड निवडणाऱ्यानं आपलं काम चोख केलं आहे. दगड चांगला की वाईट असं काही नसतं. तो कशासाठी हवा ते आधी सांगावं लागतं. १९७१ पासून ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. या संस्थेचं मुख्यालयही आता आमच्याच जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे.

मध्यंतरी एका शाळेत कविता वाचायला गेलो होतो. शाळा किनाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. वर्गात वेळ होता म्हणून फळ्याजवळ टांगलेले मुलांचे तक्ते पाहत बसलो. 'चुंबकाला चिकटणाऱ्या वस्तू' आणि 'न चिकटणाऱ्या वस्तू' असे दोन रकाने. खिळा, टाचणी, सुई एकीकडे. लाकूड, कागद, दगड, वाळू दुसरीकडे. एका पोरानं वाळू पहिल्या रकान्यात लिहिली होती आणि तिच्यावर लाल फुली होती. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "उत्तरपत्रिकेत तसं नाही ना, सर." पोराला विचारलं तर ते म्हणालं, "चिकटते. मी बघितलीय."

ते पोर बरोबर होतं. जुन्या स्पीकरमधलं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आमच्या काळ्या वाळूतून फिरवा. पिशवीच्या तळाला काळ्या कणांची दाढी उगवते. चुंबक बाहेर काढलं की कण गळून पडतात आणि बशीत गोळा करता येतात. सगळी वाळू चिकटत नाही, त्यातले मॅग्नेटाइटचे कण चिकटतात. सह्याद्रीचा तोच काळा दगड झिजून, ओढ्या-नद्यांनी वाहून आणलेला. म्हणजे वेधशाळेच्या बांधकामातून जो दगड वगळावा लागला तोच मुलांच्या चपलेला लागून वर्गात येतो, आणि तक्त्यात त्याला चुकीचं ठरवलं जातं. एखाद्या गंगाकाठच्या गावात ती फुली कदाचित खपली असती. अलिबाग तालुक्यात नाही.

रकाने असावेत, माझं त्याला काही म्हणणं नाही. मुलांना वस्तू निवडून, गट पाडून शिकवणं हे शिक्षणातलं पहिलं पाऊल आहे. पण रकाना वस्तूवरून भरायचा की पुस्तकावरून, हा प्रश्न डिकन्सच्या काळापासून तसाच आहे. साधी नाणी घ्या. १९९०च्या दशकातलं अकरा कोनांचं दोन रुपयांचं नाणं तांबं आणि निकेलच्या मिश्रणाचं. निकेल एकटं असताना चुंबकाला चिकटतं, पण या मिश्रणात चिकटत नाही. पुढे २००५ नंतर आलेलं स्टेनलेस स्टीलचं दोन रुपयांचं नाणं चिकटतं. आणि घरातली स्टीलची सगळी भांडी? काही चिकटतात, काही नाहीत. 'धातू चिकटतात' असं लिहून मोकळं होता येत नाही.

शाळेबाहेर ही पारख जिवंत होती. आमच्या मोहल्ल्यात कल्हईवाला यायचा. भाता, कोळसे, नवसागर आणि कथलाची कांडी एवढंच त्याचं भांडवल. भांडं बोटाच्या टिचकीनं वाजवून तो तांबं की पितळ ते सांगायचा. तांब्याला वितळायला हजारांहून जास्त अंश सेल्सिअस लागतात आणि कथील २३२ अंशांना वितळतं, हे आकडे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. पण भांडं शाबूत राहून कथील पाण्यासारखं पसरेल एवढीच आच द्यायची, हे त्याला ठाऊक होतं. पेण-उरणकडच्या मिठागरांत काम करणाऱ्याला विद्राव्यता शिकवायला कोणी गेलं नव्हतं.

माझा धंदा शब्दांचा, म्हणून थोडं शब्दांविषयी. 'पदार्थ' म्हणजे पद आणि अर्थ, शब्दानं जे सांगितलं जातं ते. कणादाच्या वैशेषिक दर्शनात द्रव्य, गुण, कर्म असे पदार्थ सांगितले आहेत. आज त्याच शब्दाला आपण पोहे आणि शिराही म्हणतो. आणि वाण्याच्या यादीतला 'जिन्नस' अरबी 'जिन्स'वरून आला. त्याचा मूळ अर्थ प्रकार, जात, वर्ग. तो शब्दही अरबीत ग्रीकांकडून आलेला. म्हणजे 'चार जिन्नस आणा' म्हणणारी आई नकळत वर्गीकरणच करत असते.

पाठ्यपुस्तकात मात्र मुलांच्या वाट्याला तन्यता, वर्धनीयता, स्थितिस्थापकता असे शब्द येतात. ते वाईट नाहीत, केव्हातरी शिकावेच लागतात. पण ठोकून पत्रा होतो तो, ओढून तार निघते ती, ताणून सोडलं की पुन्हा जागेवर येतं ते, असं आधी म्हणू द्यावं. मी मुलांना एक प्रश्न नेहमी विचारतो. 'ठिसूळ'च्या उलट काय? जवळजवळ सगळी 'कठीण' म्हणतात. मग मी काचेचं नाव घेतो. काच कठीणही आहे आणि ठिसूळही, मेयोबाईंच्या पहिल्या धड्यातली तीच काच. वर्ग गप्प होतो. मागच्या बाकावरून मग कोणीतरी, बहुतेक वेळा कोळीवाड्यातलं पोर, जाळ्याचा दोर हातानं ओढून दाखवल्यासारखं करतं आणि म्हणतं, "चिवट."