नागपूर ते नॅशव्हिल : अहिंसेची तालीम

अहिंसा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती तसबीर. तसबिरीला हार, दोन भाषणे आणि सुटी. केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्यांच्या निमित्ताने आम्ही अनेक प्रांतांत राहिलो. सर्वत्र हाच क्रम पाहिला. भाषा निराळी, फुले निराळी, क्रम तोच. २००७ साली संयुक्त राष्ट्रसंघाने २ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय अहिंसा दिन ठरविला, त्यामुळे आता भाषणांत जगाचाही उल्लेख येऊ लागला आहे, इतकेच. तत्त्वज्ञान म्हणून अहिंसा कोणालाही अमान्य नसते. मात्र ती एक विद्या आहे, तिला गुरू लागतो, सराव लागतो, हे म्हणताच श्रोते चुळबुळू लागतात. म्हणून आम्ही येथे एका अशा गृहस्थाची हकीकत सांगणार आहोत, ज्याने ही विद्या म्हणूनच शिकविली, आणि ज्याच्या आयुष्यातील तीन वर्षे आपल्या नागपुरात गेली.

जेम्स लॉसन हे त्याचे नाव. जन्म १९२८ चा, अमेरिकेतील कृष्णवर्णीय मेथडिस्ट धर्मोपदेशकाच्या घरातला. कोरियाच्या युद्धाच्या वेळी सक्तीच्या लष्करभरतीस त्याने नकार दिला आणि तेरा महिने तुरुंगात काढले. सुटल्यावर १९५३ साली त्याच्या चर्चने त्याला नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात पाठविले. १८८३ साली स्कॉटिश मिशनने स्थापन केलेले हे कॉलेज वैदर्भीय वाचकांना सांगावयास नको. तेथे लॉसन विद्यार्थ्यांना खेळ शिकवी आणि उरलेल्या वेळात गांधी वाची. गांधीजींना जाऊन तेव्हा अवघी पाच वर्षे झाली होती. सेवाग्राम रेल्वेने दोन तासांच्या आत होते.

नागपूरलाही या बाबतीत स्वतःचा इतिहास आहे, तो आपण फार लवकर विसरलो. डिसेंबर १९२० मध्ये असहकाराच्या ठरावावर काँग्रेसने शिक्कामोर्तब केले ते नागपूरच्या अधिवेशनात. १९२३ साली तेथेच झेंडा सत्याग्रह झाला. सिव्हिल लाइन्सच्या बाजूस राष्ट्रध्वज नेण्यास बंदी होती. देशभरातून स्वयंसेवकांच्या तुकड्या येत, ध्वज घेऊन निघत, पकडल्या जात. त्यांची जागा दुसरी तुकडी घेई. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, विनोबाही गेले, पुढे वल्लभभाईंनी सूत्रे हाती घेतली. एक तुकडी गेली की दुसरी तयार, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

डिसेंबर १९५५ मध्ये नागपूर टाइम्स या पत्रात लॉसनने एक बातमी वाचली. अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर बहिष्कार टाकला असून मार्टिन ल्यूथर किंग नावाचा तरुण पाद्री त्यांचे नेतृत्व करीत आहे, अशी ती बातमी. आनंदाने आपण टाळ्या पिटून उड्या मारल्या, असे लॉसनने पुढे सांगितले आहे. १९५६ साली तो मायदेशी परतला. फेब्रुवारी १९५७ मध्ये त्याची व किंग यांची भेट झाली. शिक्षण संपवून दक्षिणेत येण्याचा लॉसनचा विचार होता. किंग म्हणाले, थांबू नका, आत्ताच या. १९५८ च्या प्रारंभी लॉसन नॅशव्हिल येथे दाखल झाला.

तेथे त्याने जे केले ते आम्हांस या सर्व इतिहासातील मोलाचे वाटते. एका चर्चच्या तळघरात त्याने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे वर्ग सुरू केले. गांधी, बायबल, थोरो यांवर चर्चा होई. पण वर्गाचा प्राण होता तो सरावात. काही विद्यार्थी उपाहारगृहातील स्टुलांवर बसल्याचा अभिनय करीत, इतर त्यांना शिव्या देत, ढकलत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत. मार बसू लागला तर डोके कसे झाकावे, सोबत्याला मारत असतील तर मध्ये आपले अंग कसे घालावे, हे घोटून घेतले जाई. राग येणाऱ्याला तो येथेच यावा, बाहेर नको. पुढे प्रत्येकाजवळ नियमांचा कागद असे : उलट मारू नये, अपशब्द बोलू नये, ताठ बसावे, म्होरक्याने सांगितल्यावाचून जागा सोडू नये. लष्करी कवायतीहून हे कोणत्या अर्थाने कमी?

१३ फेब्रुवारी १९६० रोजी हे विद्यार्थी नीटनेटक्या पोशाखात, अभ्यासाची पुस्तके घेऊन, गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहांत जाऊन बसले. २७ तारखेस जमावाने त्यांना मारहाण केली आणि पोलिसांनी पकडले ते मार खाणाऱ्यांना! सुमारे ऐंशी जण तुरुंगात गेले. परंतु एक रांग उठविली की रिकाम्या स्टुलांवर दुसरी येऊन बसे. १९२३ चे नागपूर येथे आठवल्यावाचून राहत नाही. लॉसनला त्याच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने काढून टाकले. १९ एप्रिलला विद्यार्थ्यांचे वकील लूबी यांच्या घरावर स्फोटके फेकली गेली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. त्याच दिवशी हजारोंचा मूक मोर्चा नगरभवनावर गेला. डायान नॅश या विद्यार्थिनीने महापौर बेन वेस्ट यांना सर्वांदेखत विचारले, केवळ वर्णावरून माणसामाणसांत भेद करणे तुम्हांला योग्य वाटते काय? महापौरांनी योग्य वाटत नाही असे कबूल केले. १० मे रोजी सहा उपाहारगृहे सर्वांस खुली झाली.

महापौरांची सद्सद्विवेकबुद्धी जागी झाली हे खरेच. पण त्याआधी कित्येक आठवडे कृष्णवर्णीय कुटुंबांनी शहरातील दुकानांवर बहिष्कार घातला होता आणि ईस्टरच्या ऐन हंगामात गल्ले रिकामे राहिले होते, हेही तितकेच खरे. अहिंसेला हिशेब कळत नाही, असे समजणाऱ्यांनी गांधीजींचे मिठावरील लेखन वाचावे.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त लष्करी अधिकारी आहेत. समोर इंग्रज होता म्हणून गांधींचे चालले, असे ते नेहमी म्हणतात. आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले तेव्हा चेक नागरिकांनी रस्त्यांच्या पाट्या बदलल्या, सैनिकांशी वाद घातले, फार धैर्य दाखविले. तरी एप्रिल १९६९ मध्ये डुबचेक पदावरून गेले. उलट ९ ऑक्टोबर १९८९ रोजी लाइपझिगमध्ये सुमारे सत्तर हजार लोक निःशस्त्र चालले, गोळीबार झाला नाही, आणि महिनाभरात बर्लिनची भिंत खुली झाली. एरिका चेनोवेथ व मारिया स्टीफन या अमेरिकन संशोधिकांनी १९०० ते २००६ मधील ३२३ लढे तपासले. अहिंसक लढ्यांपैकी शेकडा ५३ यशस्वी झाले, सशस्त्रांपैकी शेकडा २६. २०१० नंतर मात्र अहिंसक लढ्यांचे यश बरेच घटल्याचे चेनोवेथ यांनीच नोंदविले आहे. आम्हांस त्याचे एक कारण असे दिसते की सत्ताधीशांनी आपली तालीम वाढविली. लोक मात्र एका हाकेसरशी रस्त्यावर येऊ लागले, तळघरातील वर्ग भरवीनासे झाले.

२०२४ साली जगाचा लष्करी खर्च २ लाख ७० हजार कोटी डॉलरांच्या वर गेला. निःशस्त्र शांतिसैनिक तयार करण्याची कल्पना गांधीजींची. विनोबांनी १९५७ मध्ये केरळात शांतिसेना स्थापन केली. २००२ साली दिल्लीजवळ सूरजकुंड येथे अनेक देशांच्या प्रतिनिधींनी नॉनव्हायोलंट पीसफोर्स ही संस्था उभारली. तिचे प्रशिक्षित, निःशस्त्र लोक दक्षिण सुदान आणि मिंदानाओसारख्या ठिकाणी नागरिकांच्या संरक्षणासाठी राहिले आहेत. वरील आकड्याशेजारी यांचा खर्च लिहावयाचा झाल्यास आमच्या खात्यातील कोणताही लेखापाल तो किरकोळ या सदरात घालील.

लॉसन ९ जून २०२४ रोजी वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी लॉस एंजेलिस येथे निवर्तले. काढून टाकणाऱ्या व्हँडरबिल्टने २००६ साली त्यांना अध्यापक म्हणून सन्मानाने परत बोलाविले होते. नव्वदी गाठली तरी ते आपल्या चर्चमध्ये अहिंसेचे वर्ग घेत होते.