शून्य ते सहा : रँकिन श्रेणीची कुळकथा

पक्षाघातावरचे नवे औषध कितपत उपयोगी पडले, हे ठरवताना जगभरचे डॉक्टर सहसा तीन महिन्यांनी रुग्णाला एक आकडा देतात. त्या आकड्याचे मूळ ग्लासगोच्या स्टॉबहिल रुग्णालयात आहे. तिथे डॉ. जॉन रँकिन साठीपुढच्या पक्षाघाताच्या रुग्णांचा पाठपुरावा करत होते. किती दगावले, हे मोजणे सोपे होते. वाचलेले कसे जगतात, हे मोजायला माप नव्हते. 1957 मध्ये 'स्कॉटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी पाच पायऱ्या मांडल्या. नेहमीची सगळी कामे जमणारा पहिल्या पायरीवर, तर अंथरुणाला खिळलेला, सतत शुश्रूषा लागणारा पाचव्या. मधल्या पायऱ्यांचे प्रश्न रोजच्या जगण्यातले : स्वतःचे व्यवहार स्वतः पाहता येतात का? आधाराशिवाय चालता येते का?

1980 च्या दशकात ब्रिटनमध्ये अ‍ॅस्पिरिनची मोठी चाचणी झाली, तेव्हा ही श्रेणी सुधारून घेतली गेली. काहीच त्रास न उरलेल्यांसाठी शून्य आले; मृत्यूसाठी सहा हा आकडा पुढे रूढ झाला. 1988 मध्ये नेदरलँड्समधल्या व्हान स्वीटेन आणि सहकाऱ्यांनी या मापाचीच परीक्षा घेतली. 100 रुग्णांना प्रत्येकी दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासले. 65 जणांबाबत दोघांचे एकमत झाले, 32 जणांबाबत एका पायरीचा फरक पडला, तिघांबाबत दोन पायऱ्यांचा. म्हणून पुढे ठरावीक प्रश्नांची मुलाखत तयार झाली. 1995 मध्ये रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा लाभ अमेरिकेत सिद्ध झाला, तेव्हा निकालाच्या मापांत ही श्रेणीही होती.

मुंबईत 2005-06 मध्ये डॉ. प्रफुल्ल दलाल आणि सहकाऱ्यांनी सुमारे दीड लाखाच्या वस्तीत पक्षाघाताची नोंद ठेवली. वर्षाला लाखामागे सुमारे 145 जणांना पहिला झटका येत होता आणि त्यांपैकी जवळपास 30 टक्के 28 दिवसांत दगावत होते. उरलेल्यांचे अपंगत्व याच श्रेणीने मोजले गेले.

या मापाला उणिवा आहेत. बोलता न येण्याचे दुःख किंवा मनाची उदासी त्यात पुरेशी उतरत नाही. तरीही तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर येणे म्हणजे मदतनिसाशिवाय घरात एकटे राहता येणे. रुग्ण वाचला एवढीच नोंद करून फाइल मिटली, तर हा फरक कुणाला दिसणारच नाही. म्हणून रुग्णाला घरी सोडल्यानंतरची ही चौकशी प्रत्येक रुग्णालयाने उपचाराचाच भाग मानली पाहिजे.