जोडाक्षरावरची बंदी

शुद्धलेखनाचे कारण देऊन चित्रपट अडवल्याची उदाहरणे विरळच. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलमध्ये ते घडले. उस्मान सेम्बेन यांच्या १९७७ सालच्या ‘चेद्दो’ला सरकारने मायदेशात मज्जाव केला. सांगितलेले कारण असे : वोलोफ भाषेच्या सरकारी लेखननियमांनुसार या शब्दात ‘द’ एकदाच हवा, दिग्दर्शकाने तो दोनदा लिहिला आहे. ‘चेदो’ असे लिहायला सेम्बेन तयार झाले नाहीत. हा तपशील सहसा गमतीचा किस्सा म्हणून सांगितला जातो. मला मात्र त्यात सेम्बेन यांच्या साऱ्या कामाची किल्ली दिसते.

सेम्बेन यांचा जन्म १९२३चा, झिगिंशोरचा. मार्सेच्या बंदरात गोदी कामगार म्हणून राबताना ते कामगार चळवळीत आले आणि १९५६ मध्ये त्या अनुभवावरची पहिली कादंबरी त्यांनी फ्रेंचमध्ये लिहिली. अडचण अशी, की ज्यांच्याविषयी ते लिहीत होते त्यांतल्या बहुतेकांना फ्रेंच वाचता येत नव्हते. म्हणून चाळिशीच्या उंबरठ्यावर हा नावाजलेला लेखक मॉस्कोला चित्रपट शिकायला गेला.

त्याआधीचा इतिहासही ध्यानात घ्यायला हवा. १९३४च्या फ्रेंच हुकमानुसार वसाहतीत चित्रीकरणासाठी सरकारी परवानगी लागे. १९५५ मध्ये पोलँ व्हिएरा आणि त्यांच्या मित्रांनी आफ्रिकी माणसांवरचा लघुपट केला, तो पॅरिसमध्ये. सेनेगल १९६० मध्ये स्वतंत्र झाला; १९६३ मध्ये सेम्बेन यांनी डाकारच्या एका गाडीवानाचा दिवस पडद्यावर आणला. १९६८च्या ‘मांदाबी’त पात्रे वोलोफ बोलू लागली. पुढे भाषातज्ज्ञ पाथे दियान्य यांच्यासोबत त्यांनी ‘काद्दू’ हे वोलोफ नियतकालिक चालवले. काद्दू म्हणजे शब्द, वाणी. याही नावात तो दुहेरी ‘द’ आहेच. वोलोफमध्ये व्यंजन दुहेरी उच्चारले की अर्थ बदलू शकतो. म्हणजे प्रश्न हौसेचा नव्हता. बोलणाऱ्याच्या तोंडचा उच्चार कागदावर तसाच उतरावा की नाही, हा होता.

‘चेद्दो’ची कथा जुन्या वोलोफ राज्यातली. दरबारात इमामाचे वजन वाढते आहे आणि प्रजेवर धर्मांतराची सक्ती होते आहे. निषेध म्हणून एक चेद्दो राजकन्या दिओर यासीन हिला पळवून नेतो. गावात एक गोरा व्यापारी बंदुकांच्या बदल्यात गुलाम घेतो, एक गोरा पाद्री आपल्या पाळीची वाट पाहतो. राजा मरतो, सत्ता इमामाकडे जाते. मग हरलेल्या चेद्दोंची डोकी भादरून त्यांना नवी नावे दिली जातात. त्या घोळक्यात सेम्बेन स्वतः बसलेले दिसतात. शेवटी राजकन्या सर्वांसमोर इमामाला गोळी घालते.

सेनेगलची बहुसंख्य प्रजा मुस्लिम. राष्ट्राध्यक्ष लेओपोल्द सेदार सेंघोर हे कॅथलिक, आणि ग्रामीण मतांसाठी मुस्लिम धर्मगुरूंच्या पाठिंब्यावर विसंबलेले. बंदीचे खरे कारण या नाजूक समीकरणात होते, असे अनेक अभ्यासक मानतात. मला ते पटते. पण लेखनाचे कारण निव्वळ सबब होती, असे म्हणवत नाही. सेंघोर हे फ्रेंच व्याकरणाचे नामांकित अध्यापक आणि फ्रेंचमध्ये लिहिणारे मोठे कवी. लोकांची भाषा कशी लिहायची हे राज्याने ठरवावे, हा त्यांचा आग्रह मनापासूनचा होता. धर्मगुरू माणसाचे नाव ठरवतो आणि शासन शब्दाचे रूप ठरवते; दोन्हीकडे अधिकार वरून येतो, बोलणाऱ्याला कुणी विचारत नाही.

१९८० अखेर सेंघोर पायउतार झाले. त्यानंतरच ‘चेद्दो’ मायदेशी पाहता आला. सेम्बेन चेद्दो या शब्दाचा अर्थ ‘नकार देणारे’ असा सांगत. सक्तीने नावे बदलली जाणाऱ्या माणसांची गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटालाच नाव बदलायला सांगितले गेले, आणि त्यानेही नकार दिला.