गरीब यंत्रांची अनुक्रमणिका

कॅमेऱ्यांतून काढलेलें मेमरी कार्ड संगणकांत घातलें कीं त्यांतील चित्रें लगेच पडद्यावर दिसूं लागतात. याचें आज कोणाला नवल वाटत नाहीं. परंतु कॅमेरा एका कारखान्यांत झालेला, संगणक दुसऱ्या आणि कार्ड तिसऱ्या. या तिघांना एकमेकांचें लेखन कळतें कसें? याचें उत्तर एका जुन्या कोष्टकांत आहे, आणि त्या कोष्टकाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

तें कोष्टक कसें असतें तें प्रथम पाहूं. मासिकांतील लांब लेख एका पानावर मावला नाहीं, म्हणजे संपादक तळाशीं टीप घालतात, "पुढील मजकूर पान ४७ वर पाहा." ४७ व्या पानावर आणखी पुढच्या पानाचा निर्देश असतो. आतां अशा साऱ्या टिपा पानापानांवरून उचलून मासिकाच्या आरंभीं एकाच तक्त्यांत मांडल्या, तर जें होईल तेंच हें कोष्टक. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'फॅट' म्हणतात. त्याच्या जोडीला एक यादी असते. तींत प्रत्येक फाईलीचें नांव, तिची लांबी आणि तिच्या पहिल्या पानाचा क्रमांक ३२ बाइटांत, म्हणजे सुमारें ३२ अक्षरांच्या जागेंत, नोंदलेला असतो. यादींतून पहिलें पान काढावयाचें आणि तक्त्याचें बोट धरून शेवटच्या पानापर्यंत जावयाचें, एवढीच ही युक्ति.

ती १९७७ सालीं मार्क मॅक्डोनल्ड यांनीं योजिली. ते मायक्रोसॉफ्ट कंपनींत नोकरीस होते आणि ही कंपनी तेव्हां अमेरिकेंतील अल्बुकर्क गांवीं होती. त्या वेळच्या ८०८० या प्रोसेसरला फार तर ६४ किलोबाइट स्मृति हाताळतां येई. मजकूर सांठवावयास फ्लॉपी चकती असे. एवढ्याशा संसारांत अनुक्रमणिकेनेंच जागा अडविली तर कामाला काय उरणार? म्हणून कोष्टक आटोपशीर झालें. १९८० सालीं सिअॅटलच्या टिम पॅटर्सन यांनीं हीच कल्पना फेरफार करून आपल्या ८६-डॉस प्रणालींत घेतली. मायक्रोसॉफ्टनें ती प्रणाली विकत घेतली, आणि ऑगस्ट १९८१ मध्यें आय्. बी. एम्. कंपनीचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारांत आला, तेव्हां त्याच्याबरोबर हें कोष्टक कचेरी-कचेरींत पोहोंचलें.

पुढें यंत्रें श्रीमंत झालीं. १९९३ सालीं मायक्रोसॉफ्टनेंच एन्. टी. एफ्. एस्. नांवाची अधिक भक्कम पद्धति प्रचारांत आणली. जुन्या कोष्टकाचे दिवस सरले असें वाटावें, तोंच एक गरीब यंत्र त्याच्या दारीं आलें. तें म्हणजे मायक्रोकंट्रोलर. एकाच चिपेंत मांडलेला हा छोटा संगणक धुलाईयंत्रांत असतो, विजेच्या मीटरांत असतो, तसाच हौशी विद्यार्थ्यांच्या टेबलावरही असतो. 'एटीमेगा ३२८' या लोकप्रिय चिपेची कामाची स्मृति अवघी २०४८ बाइट आहे. १९७७ चीं यंत्रें हिच्यापुढें सावकारच म्हणावीं!

इकडे १९९९ सालीं मात्सुशिता, तोशिबा आणि सॅनडिस्क या तीन कंपन्यांनीं एस्. डी. कार्ड जाहीर केलें, आणि त्यावर हेंच फॅट कोष्टक नेमिलें. कार्डावरील मजकूर ५१२ बाइटांच्या ठोकळ्यांनीं दिला-घेतला जातो. म्हणजे एक ठोकळा हातीं घेतांच आपल्या चिपेची चतुर्थांश स्मृति भरली!

ही सोयरीक जुळवितांना इतर अडचणीही येतात. कार्डाला सुमारें ३.३ व्होल्टांचा दाब मानवतो, तर चिप पुष्कळदां ५ व्होल्टांवर चालते. म्हणून मध्यें दाब उतरवावा लागतो. बोलण्यास चार तारा पुरतात. आरंभीं निदान ७४ ठोके देऊन कार्ड जागें करावयाचें, मग शून्य क्रमांकाची आज्ञा द्यावयाची; उत्तरादाखल १ हा आंकडा आला म्हणजे कार्डानें हांक ऐकिली. जुनीं कार्डें मजकुराचा पत्ता बाइटांत मागतात, तर २००६ पासून निघालेलीं मोठीं कार्डें तो ठोकळ्यांत मागतात. हा भेद न ओळखणारा ५१२ पटींनीं चुकीच्या जागीं जातो. या वाटा सर्वांना सोप्या करणारी 'फॅटएफ्एस्' ही आज्ञावलि 'चॅन' या नांवानें लिहिणाऱ्या एका जपानी गृहस्थांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केली आणि ती कोणासही विनामूल्य वापरूं दिली. त्यांनीं २००९ सालीं काढलेल्या धाकट्या आवृत्तीचें मुख्य काम तर ४४ बाइटांत भागतें. मात्र तिला नवी फाईल निर्माण करतां येत नाहीं.

गरिबीची युक्ति गरिबीचे दोषही बरोबर आणते. पाऊस मोजणारें एकादें यंत्र रात्रभर कार्डावर नोंदी लिहीत आहे आणि पहाटे बॅटरी संपली, असें समजा. मजकूर कार्डावर उतरलेला असतो, परंतु फाईलीची लांबी यादींत शेवटीं लिहावयाची, तीच राहून गेली, तर संगणक म्हणतो, "फाईल रिकामी आहे." रात्रभरचा पाऊस पडून न पडल्यासारखा! कोष्टकाच्या बहुधा दोन प्रती ठेवितात; पण अर्धवट राहिलेलें लेखन त्यांनीं पुरें होत नाहीं. म्हणून सुज्ञ माणूस ठराविक वेळानें यादी अद्ययावत् करण्याची आज्ञा देतो. दिवसाची रोजकीर्द दिवस मावळण्यापूर्वीं मिळविणारा जुना कारकून याहून वेगळें काय करी?

याहून भक्कम पद्धति निघाल्या आहेत. तरी छोट्या यंत्रांचा लिहिणारा फॅटकडेच वळतो. कारण त्यानें लिहिलेलें कार्ड उद्यां कोणाच्याही संगणकांत उघडेल, हा भरंवसा त्याला तेथें मिळतो. मोडी वाचणारे घरोघर होते तोंवर मोडींतील कागद बोलके होते. वाचणारे विरळ झाले, तसे ते कागद पेट्यांतून मुके पडून राहिले. कागद तेच, शाई तीच. ज्याला आपली नोंद पुढच्यांच्या हातीं द्यावयाची आहे, त्यानें लेखणी उचलण्यापूर्वीं वाचणाऱ्याचा विचार केलेला बरा.