‘तुमची मतमाउली’

‘तुमची मतमाउली’ : मिशनवाल्या नणंदेच्या कॅथलिक भावजयीशी बोलण्यातली सारी धार ‘तुमची’ या शब्दात आहे. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून. जेझुइट धर्मगुरू मागाहून आले. त्यामुळे एका गावात, सोयरिकीने कधी एका घरातही, मिशनवाले (प्रॉटेस्टंट) आणि ‘रोमन’ (कॅथलिक) दोन्ही नांदतात. हरेगावची (ता. श्रीरामपूर) मतमाउली म्हणजे येशूची आई मरिया. तिची यात्रा 8 सप्टेंबरच्या, म्हणजे तिच्या जन्मदिनाच्या, सुमारास भरते. ‘माउली’ हा शब्द मात्र ज्ञानोबांच्या नेवाशाच्या मातीतला.

नणंदेचा आधार तीमथ्याला पहिले पत्र 2:5 : देव व माणूस यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त. मग आश्रयदाते संत कशाला? भावजयीचे उत्तरही कॅथलिक शिकवणीला धरूनच आहे : आराधना फक्त देवाची, संतांना मान आणि ‘आमच्यासाठी विनंती कर’ एवढेच मागणे. हा भेद निकियाच्या दुसऱ्या परिषदेने 787 मध्ये मांडला. नवस नि मेणबत्त्यांच्या गर्दीत तो बाहेरच्याला दिसत नाही, हे खरे. पण घरचे देव सोडून आलेल्यांच्या नातीला ‘मूर्तिपूजक’ म्हणणे किती लागते, हे ध्यानात घेतल्याशिवाय भावजयीचा पुढचा अबोला कळणार नाही. — संपा.