राजवाड्यातली सुधारणा आणि लग्नमांडवातली सुधारणा

घोडेगाव, मंचर, ओतूर, नारायणगाव अशा सगळीकडून आपण आलात, आभार. चीनचा सुधारक आणि आपला जुन्नर तालुका यांची गाठ कशी घालणार, असा प्रश्न तुमच्या मनात असणारच. गाठ आहे. ती लग्नात पडते! कशी, ते आता पाहू.

आधी चीनकडे जाऊ. कांग यूवेई हा १८५८ साली दक्षिणेतल्या ग्वांगदोंग प्रांतात जन्मला. घराणं पंडितांचं, शिक्षण कन्फ्यूशियसच्या ग्रंथांचं. १८९५ साली चीन जपानकडून हरला, अपमानकारक तह झाला. त्या वेळी बीजिंगमध्ये सरकारी परीक्षेसाठी हजारो उमेदवार जमले होते. कांगने त्यांना एकत्र करून बादशहाकडे मोठा अर्ज तयार केला: तह मानू नका, राज्यकारभार बदला.

पण बदला म्हणायचं कशाच्या आधारावर? तिथला पंडितवर्ग म्हणणार, आमचा ऋषी सांगून गेला तेच खरं. कांगने इथे मोठी चतुराई केली. त्याने ग्रंथच लिहिला, की कन्फ्यूशियस हा जुनं जपणारा नव्हताच, तो स्वतः सुधारक होता. नव्या गोष्टी त्याने जुन्या राजांच्या तोंडी घातल्या, एवढंच. म्हणजे परंपरेचा मूळपुरुषच सुधारणेच्या बाजूला आणून बसवला. आपल्याकडे या वाटेवरचा माणूस शोधायचा तर न्यायमूर्ती रानडे आठवतात. त्यांनीही संतांच्या चळवळीत सुधारणेची मुळं दाखवली.

१८९८ च्या जूनमध्ये कांगला बादशहाची भेट मिळाली. ग्वांगशू बादशहा तेव्हा २६ वर्षांचा. ११ जूनपासून फर्मानं सुटू लागली. परीक्षेतले ठरावीक साच्याचे निबंध बंद, नव्या शाळा काढा, बीजिंगला विद्यापीठ काढा, बिनकामाची पदं रद्द करा. रोज काहीतरी नवं. आणि २१ सप्टेंबरला राजमाता त्सशीने सत्ता हातात घेतली, बादशहाला नजरकैदेत टाकलं. एकूण १०३ दिवस! २८ सप्टेंबरला सहा जणांची डोकी उडवली, त्यात कांगचा सख्खा भाऊ होता. कांग स्वतः निसटला. पुढे देशोदेशी फिरला, आपल्या दार्जिलिंगलाही राहून गेला.

असं का झालं? राजमाता दुष्ट होती, हे उत्तर सोपं आहे. पण जरा विचार करा. फर्मानं निघाली, ती अमलात कुणी आणायची? ज्यांची पदं जाणार होती त्याच अधिकाऱ्यांनी! आणि ज्यांचं भलं होणार होतं त्या खेड्यातल्या माणसाला याची खबरही नव्हती. सुधारणा एका माणसाच्या सहीवर उभी होती. तो माणूस नजरकैदेत गेला, सुधारणाही गेली. फक्त विद्यापीठ तेवढं टिकलं.

आता आपल्या तालुक्यात येऊ. २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भटजीशिवाय पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. पुढच्या दशकात ही चाल जुन्नर भागात पोचली आणि ओतूरला रुजली. बाळाजी कुसाजी पाटील यांनी गावच्या जोशाला न बोलावता घरचं कार्य उरकलं.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? एवढं असं, की गावचा जोशी हा वतनदार. न्हाव्याला, सुताराला जसं बलुतं, तसा जोशाचा लग्नावर हक्क. दक्षिणा हे खुशीचं दान राहिलं नव्हतं, ती वसुली झाली होती. इंग्रजांच्या कोर्टांनीही वतनाला मालमत्तेसारखं धरलं. त्यामुळे जोशाला डावलून दुसऱ्या कुणाकडून विधी करून घेतला, तरी जोशी दावा लावू शकत असे. इथेही तसंच झालं. वामन जगन्नाथ जोशी विरुद्ध बाळाजी कुसाजी पाटील, हा खटला मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला. जोतीराव पाटलांच्या पाठीशी उभे राहिले. आणि ज्याला विधीसाठी भटजी नकोच आहे, त्याच्याकडून सक्तीने दक्षिणा घेता येत नाही, ही गोष्ट तिथे कायम झाली.

गंमत बघा. आपल्या याच तालुक्यात नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्यात यज्ञांची यादी आहे आणि दक्षिणेचीही: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. राजाने किती दिलं ते दगडात कोरून ठेवलंय. आणि त्याच तालुक्यात एक शेतकरी म्हणतो, मी देणार नाही! माझ्या मते ही दोन्ही कागदपत्रं शाळेतल्या मुलांना शेजारी शेजारी ठेवून दाखवायला हवीत.

आता तुलना करू. कांगकडे विद्वत्ता, पदवी, बादशहाचा कान, सगळं होतं. ओतूरकरांकडे यातलं काही नव्हतं. पण त्यांची सुधारणा करणारे आणि तिची किंमत मोजणारे एकच होते. जोशाशिवाय लग्न लावलं तर पाहुणे येतील का, उद्या या मुलीला सासरी कुणी बोल लावेल का, कोर्टाचा खर्च कुठून काढायचा, हे सगळं त्या घराने सोसलं. असं सोसून केलेलं काम एका फर्मानाने रद्द होत नाही. १८८७ साली जोतीरावांनी लग्नविधीची छोटी पुस्तिकाच काढली. ती हातात असली, की कुठल्याही गावात, कुठल्याही मांडवात लग्न लावता येत होतं. पुण्याची परवानगी नको, मुंबईची नको.

याला गोड गोष्ट करू नका. ओतूरकरांना शेवटी दाद मागावी लागली ती परक्या सरकारच्याच कोर्टात. आणि भटजी गेला तरी जात गेली नाही. जातीबाहेरच्या लग्नापर्यंत ही चाल सहसा पोचली नाही. तो हिशेब अजून बाकीच आहे.

आणि कांगवरही अन्याय नको. त्याची एक सुधारणा टिकली. त्या काळी चीनमध्ये लहान मुलींचे पाय करकचून बांधत, हाडं मोडेपर्यंत, कारण बांधलेल्या पायांशिवाय लग्न जमत नसे. कांगने आपल्या मुलींचे पाय बांधले नाहीत. पुढे त्याच्या बरोबरीच्या लोकांनी मंडळं काढली. सभासदाने शपथ घ्यायची, की मुलीचे पाय बांधणार नाही आणि पाय बांधलेली सून आणणार नाही. म्हणजे एकट्या बापाची हिंमत पुरत नव्हती, म्हणून व्याही मिळवून दिले! १८९८ ची फर्मानं बुडाली, पण ही चळवळ बुडाली नाही. १९०२ साली पाय बांधण्याविरुद्ध फर्मान निघालं, आणि ते काढलं कुणी? त्याच राजमातेने.

कांगने मात्र यातून धडा घेतला नाही, असं मला वाटतं. १९१७ साली, राजेशाही जाऊन पाच वर्षं झालेली असताना, एका सेनापतीने बालबादशहाला पुन्हा गादीवर बसवलं. कांग त्यात सामील होता. ते राज्य १२ दिवस टिकलं. ज्या माणसाने घरातल्या मुलींचे पाय मोकळे ठेवून देशाला वाट दाखवली, तो शेवटपर्यंत सिंहासनाकडेच बघत राहिला.

तेव्हा कुणी सुधारणेची घोषणा केली, की आपण एकच विचारायचं: ही अमलात कुणाच्या घरात येणार आहे, आणि ते घर तयार आहे का? लग्नसराई जवळ आलीये. मानपान, हुंडा, कर्ज काढून केलेले खर्च, हे सगळं तुमच्या आमच्या मांडवात चालतं. ते थांबवायला कुठल्या बादशहाची सही लागत नाही. आपल्यासारखे दोन-चार व्याही गाठीला असले तरी पुरतं.

आता प्रश्न विचारा.