स्वीडनचे पाळणे



स्वीडन म्हटलें कीं कागद, लोखंड आणि लांबच लांब हिवाळा एवढें सांगून मी भूगोलाच्या तासाला पुढच्या देशाकडे वळत असें. तीस वर्षें हाच क्रम चालला. निवृत्तीनंतर, सूनबाई रजा संपून कचेरींत रुजू झाली आणि नातू माझ्या मांडीवर आला, तेव्हां कोठें त्या देशाचा इतिहास मीं नीट वाचला. त्यांतील एक प्रकरण आज आपल्यापुढें मांडतों.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढील ऐंशी वर्षांत दहा लाखांहून अधिक स्वीडिश माणसें अमेरिकेस निघून गेलीं. मागें राहिलेल्यांच्या घरींहि पाळणा क्वचित् हलूं लागला. १९३४ च्या सुमारास दर हजार वस्तीमागें जन्म अवघे १४. जुन्या वळणाच्या मंडळींस वाटे, बायका कचेऱ्यांत गेल्या म्हणून घरें ओस पडलीं. त्यांतून मंदीचा काळ, तेव्हां विवाहित स्त्रियांस नोकरींतून काढावें, अशा सूचना पार्लमेंटांत येऊं लागल्या. त्याच वर्षीं आल्वा आणि गुन्नार मिर्दाल या तरुण दांपत्याचें लोकसंख्येच्या पेंचप्रसंगावरील पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यांचें म्हणणें असें : मूल नको म्हणणारें जोडपें स्वार्थी नसतें. नवें मूल म्हणजे एका खोलींत आणखी एक अंथरूण आणि आईच्या पगारावर पाणी. मुलें उद्यां साऱ्या समाजाच्या उपयोगीं पडणार, तर त्यांचा भार एकट्या आईबापांवर कां? पुस्तक इतकें गाजलें कीं, मूल होण्याच्या क्रियेसच लोक थट्टेनें या दांपत्याचें आडनांव लावूं लागले!

१९३५ सालीं सरकारनें लोकसंख्या-कमिशन नेमलें. स्त्रियांच्या नोकऱ्यांचा विचार करणाऱ्या दुसऱ्या कमिटीच्या चिटणीस आल्वाबाई होत्या. तेथील त्यांचा डाव मला फार मार्मिक वाटतो. विवाहित स्त्रीला नोकरीचा हक्क आहे काय, असें विरोधक विचारीत. बाईंनीं प्रश्नच उलटा केला. नोकरी करणाऱ्या स्त्रीला लग्नाचा आणि मातृत्वाचा हक्क आहे काय? पाळण्याची काळजी वाहणाऱ्यांस याला ‘नाहीं’ म्हणणें अवघड होतें. १९३७ मध्यें बहुसंख्य बाळंतिणींना सरकारी साहाय्य मिळूं लागलें. १९३८ मध्यें संततिनियमनाच्या साधनांविषयींची बंदी उठली, कारण मूल हवें तेव्हांच व्हावें, हेंहि त्या मताचें अंग होतें. आणि १९३९ च्या कायद्यानें साखरपुडा, लग्न किंवा बाळंतपण या कारणांवरून स्त्रीस कामावरून काढण्यास मनाई झाली.

आमच्या मुंबई इलाख्यांत कारखान्यांतील स्त्रियांसाठीं प्रसूतिभत्त्याचा कायदा १९२९ सालींच झाला होता, हें अभिमानानें नमूद करतों. पण भत्ता वेगळा आणि नोकरीची शाश्वती वेगळी. मी ज्या शाळेंत होतों तेथील गणिताच्या एका हुशार बाईंनीं मूल लहान म्हणून राजीनामा दिला. त्यांना थांबविण्याचें कोणा शिक्षकाच्या मनांतहि आलें नाहीं. त्या शिक्षकांत मीहि होतों.

१९३५ मध्येंच स्टॉकहोम येथें स्थापत्यविशारद स्वेन मार्केलियस यांनीं आल्वाबाईंच्या विचारानें एक इमारत उभारली. तळमजल्यावर सामायिक स्वयंपाकघर व शिशुगृह, आणि जेवण लहानशा लिफ्टांतून थेट बिऱ्हाडांत! ही कल्पना आमच्या घरीं मांडली, तेव्हां पोळी गरम मिळेल काय, एवढाच प्रश्न पुढें आला.

या कथेला काळी बाजूहि आहे. मुलें वाढवा म्हणणाऱ्यांनींच ‘अयोग्य’ ठरविलेल्यांच्या निर्बीजीकरणास पाठिंबा दिला. १९३४ च्या कायद्यापासून १९७५ पर्यंत सुमारें ६३,००० शस्त्रक्रिया झाल्या, बहुतेक स्त्रियांवर, आणि त्यांतील कित्येक दडपणाखालीं.

१९७४ सालीं बाळाची पगारी रजा बापासहि खुली झाली. बापांनीं ती जवळजवळ घेतलीच नाहीं. तेव्हां एका धिप्पाड वजन उचलणाऱ्या पहिलवानाच्या हातांत तान्हें मूल देऊन सरकारनें जाहिराती लावल्या! पुढें १९९५ पासून एक महिना असा राखून ठेवला कीं, बापानें न घेतल्यास तो बुडे. मग मात्र बाप घरीं राहूं लागले. आज एकूण ४८० दिवसांपैकीं दोघांचे प्रत्येकीं ९० दिवस राखीव आहेत.

पाळणे हलले काय? १९९० च्या सुमारास दर स्त्रीमागें मुलांचें प्रमाण दोनच्या वर गेलें. पुढें मंदीनें नोकऱ्या गेल्या आणि दशकाच्या अखेरीस तें दीडवर उतरलें. २०१० मध्यें पुन्हां दोनच्या जवळ, २०२३ मध्यें १.४५. ही अलीकडची उतरण तर चांगल्या दिवसांत सुरू झाली. तिचा उलगडा नुसत्या पैशांनीं होत नाहीं. तरी धोरण फसलें म्हणणाऱ्यांशीं मी सहमत नाहीं. कायदा डोकीं मोजणाऱ्यांनीं केला असेल. नोकरी मात्र बाळंतिणीची टिकली.

आल्वाबाई १९५५ ते १९६१ पर्यंत दिल्लींत स्वीडनच्या राजदूत होत्या. घर आणि नोकरी या स्त्रीच्या दोन भूमिकांवर व्हायोला क्लाइन यांच्यासह त्यांनीं लिहिलेलें पुस्तक त्याच काळांत, १९५६ मध्यें, निघालें. १९८२ सालीं त्यांना शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं त्यांचा मुलगा यान यानें आपल्या बालपणावर पुस्तक काढलें आणि आईबापांच्या अलिप्तपणाविषयीं फार कडवटपणें लिहिलें. १९२९ मध्यें तीं दोघें अमेरिकेस गेलीं, तेव्हां दोन वर्षांच्या यानला आजीआजोबांकडे ठेवलें होतें. हें मीं वाचलें, त्या वेळीं नातू माझ्या मांडीवरच झोपला होता.